भट्टीची विचारपूस

आमच्या घरमालकांनी घर भाड्याने देण्याआधी पगाराची स्लिप मागितली नाही, क्रेडिट स्कोअर विचारला नाही, कुत्रं-मांजर पाळता का हेसुद्धा विचारलं नाही. त्यांनी मला आणि माझ्या नवऱ्याला तळघरात नेलं, पत्र्याच्या एका करड्या कपाटासमोर उभं केलं आणि म्हणाले, "सांगा, ज्योत पेटण्याआधी काय काय होतं?"

नवरा युनिव्हर्सिटीत पेशींवर संशोधन करणारा. प्रश्न आला की उत्तर द्यायचंच, ही त्याची जुनी खोड. तो म्हणाला, "गॅस सुरू होत असेल."

"नापास." मग माझ्याकडे वळून, "तुम्ही?"

"मला नाही माहीत," मी म्हटलं.

"पास! घर तुमचं. सामान कधी आणताय?"

ते कपाट म्हणजे घर गरम ठेवणारी फर्नेस. घरमालकांना आम्ही पुढे काका म्हणायला लागलो, आणि काका तिला भट्टीच म्हणायचे. घर अमेरिकेतल्या ॲन आर्बर शहराच्या बाहेर, खडीच्या रस्त्यावर होतं. पाइपलाइनचा गॅस मोठ्या रस्त्यापर्यंत येऊन थांबला होता, त्यामुळे इकडची सगळी घरं प्रोपेनवर चालायची. प्रत्येकाच्या अंगणात एक लांबट पांढरी टाकी आडवी पडलेली असायची आणि तिच्यातल्या गॅसवर अख्खा हिवाळा काढायचा. काकांचं स्वतःचं घर आमच्या शेजारीच, मध्ये फक्त गवत.

त्याच दिवशी त्यांनी आमचा पहिला धडा घेतला. थर्मोस्टॅटने हाक मारली की आधी छोटा पंखा फिरतो आणि आतली जुनी हवा पाइपातून घराबाहेर ढकलतो. मग एक दाबाचा स्विच बघतो, हवा खरंच वाहतेय ना. त्याची खात्री पटली तरच पेटवणारी कांडी लाल होते. ती लाल झाली की गॅस, मग ज्योत, आणि ज्योत टिकली तर मोठा पंखा. "गॅस रांगेत किती मागे उभा आहे बघा," ते म्हणाले, "आणि लोक आधी त्याच्याच नावाने बोंब मारतात." नवऱ्याने मान खाली घातली. पुढे हे सगळं आम्हाला इतकं पाठ झालं की भांडी घासतानाही मी ते पुटपुटायचे.

काका आमच्याकडे आले की दारातूनच ओरडायचे, "भट्टीला भेटायला आलोय!" म्हणजे आम्ही गैरसमज करून घेऊ नये. चहाचा कप घेऊन थेट तळघरात उतरायचे आणि रंगाच्या पालथ्या डब्यावर बसायचे. डोक्याला कानटोपी, बारा महिने, जुलैतसुद्धा. खिशात टॉर्च आणि कोटाच्या आतल्या बाजूला एक लाटणं. लाटण्याचं एक टोक भट्टीच्या पत्र्याला टेकवायचं, दुसरं टोक कानटोपी वर सारून कानाला लावायचं आणि डोळे मिटायचे. डॉक्टर छातीला नळी लावतात तसंच, पण डॉक्टर एवढा वेळ देत नाहीत. पूर्वी ते स्वयंपाकघरातलंच लाटणं उचलायचे. पोळपाटावर वंगणाचे डाग पडायला लागल्यावर काकूंनी शिकागोला डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या भारतीय दुकानांत जाऊन त्यांच्यासाठी वेगळं लाटणं आणलं होतं. काकूंना मी पाहिलं नाही, आम्ही येण्याच्या आधीच त्या गेल्या. पण त्या बाईच्या सहनशक्तीबद्दल मला मनापासून आदर आहे.

गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत काकांनी आयुष्य घालवलं होतं. वस्तू का मोडली हे शोधून काढायचं, एवढंच त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर जगातल्या सगळ्या बिघाडांनी आता आपल्याकडेच यावं अशी त्यांची इच्छा होती, आणि ते येत नाहीत म्हणून ते जरा खट्टू असायचे.

त्यांच्यासमोर 'बिघडली' म्हणायची सोय नव्हती. पहिल्या हिवाळ्यात मी एकदा फोन करून म्हटलं, "काका, फर्नेस बिघडली."

"हे तुझं मत झालं. तू ऐकलंस काय ते सांग."

"घूं झालं, मग टिक झालं, मग काहीच नाही."

"कांडी लाल झाली?"

"झाली. ज्योतही आली, पण लगेच विझली."

"मग बिघडली कुठे? ज्योत आहे की नाही हे सांगणारी तार मळलीये. तिला ज्योत दिसतच नाहीये बिचारीला." दहा मिनिटांत काका हजर. वीज बंद करून त्यांनी ती तार काढली, बारीक स्टील वूलने पुसली, परत बसवली आणि भट्टी सुरळीत चालायला लागली. मग वर येऊन पोहे खाल्ले आणि तिखट कमी आहे म्हणून माझ्यावर बिघाडाचा संशय घेतला.

त्यांचा दुसरा नियम असा की काहीही झालं तरी 'कोणी केलं' हे विचारायचं नाही. ते म्हणायचे, "कोणी केलं म्हटलं की माणसं गप्प होतात. मग नेमकं काय झालं ते कधीच कळत नाही." आणि एक नियम असा होता की तो सांगताना ते गंमत करायचे नाहीत. गॅसचा वास आला तर त्यांना हाक मारायची नाही, दिव्याच्या बटणालाही हात लावायचा नाही, आधी घराबाहेर पडायचं. लोक नव्या घरात चांदीचा करंडा देतात, काका कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म द्यायचे, त्यावर कुंकवाचं बोट लावून.

मराठी मंडळींमध्ये त्यांना बोलावणं म्हणजे जोखीमच होती. एका दिवाळीला पुण्याच्या एका आयटीवाल्याच्या नव्याकोऱ्या घरी आम्ही सगळे जमलो होतो. फराळ चालू असताना काका गायब. शोधलं तर तळघरात, एका हातात चकली आणि दुसऱ्या हातात फर्नेसचं झाकण. यजमान धावत खाली आला. "काका, प्लीज यार, वॉरंटीमध्ये आहे ती!"

"वॉरंटी कंपनीला असते. फिल्टर कधी बदललास?"

"फिल्टर असतो?"

काकांनी झाकण खाली ठेवलं आणि चकली संपवली. मग त्यांनी ती दिवाळीची पार्टी खाली बोलावून घेतली आणि नटूनथटून आलेल्या बायका-पुरुषांना तो फिल्टर दाखवला. तो काळाकुट्ट होता. अर्ध्या लोकांनी घरी जाऊन आपापले फिल्टर बदलले आणि उरलेल्यांनी पुढच्या वर्षी काकांना आमंत्रण दिलं नाही.

पण माणूस स्वतःवर हसणारा होता. एकदा त्यांची स्वतःचीच भट्टी पेटेना. सकाळपासून काका तिच्यापुढे बसलेले. पंखा फिरत होता, दाब ठीक, कांडीही लाल. त्यांनी सगळे भाग काढून वर्तमानपत्रावर मांडले आणि पुन्हा बसवले, तरी ती ढिम्म. शेवटी अमेरिकन शेजारीण केकचा तुकडा द्यायला आली तेव्हा तिने भाबडेपणाने विचारलं, टाकीत गॅस आहे ना? नव्हता. रोज सकाळी उठून आमच्या टाकीवरचा काटा बघणाऱ्या काकांनी स्वतःच्या टाकीकडे महिनाभर पाहिलं नव्हतं. हा किस्सा ते प्रत्येकाला सांगायचे, आणि सांगताना त्यांना असा काही आनंद व्हायचा की ऐकणाऱ्याला वाटावं यांना बक्षीस मिळालंय.

त्यांची मुलगी जॉर्जियात अल्फारेटाला असते. ती त्यांना तिकडे बोलवायची आणि ते टाळायचे. "तिकडे थंडीच नाही. माणसाने विचार तरी कशाचा करायचा?" आता गेलेत ते तिकडे, दोन वर्षं झाली. तिथली फर्नेस चुकून कधी चालते, म्हणून ते हल्ली कॉलनीतल्या लोकांचे एसी ऐकत फिरतात. लाटणं नेलंय सोबत. पण मला सांगायचंय ते त्यांच्या इथल्या शेवटून दुसऱ्या हिवाळ्यातलं.

त्या वर्षी बाबा गेले आणि सप्टेंबरमध्ये मी आईला वर्ध्याहून घेऊन आले. आई प्राथमिक आरोग्य केंद्रात आरोग्यसेविका होती. लसी द्यायच्या, बाळंतिणींच्या घरी जायचं आणि पावसाळ्यात गावभर फिरून हिवतापाच्या डासांचा बंदोबस्त करायचा, असं तिचं आयुष्य. गावातल्या प्रत्येक घराचं पाण्याचं पिंप तिला ओळखत होतं म्हटलं तरी चालेल. ती बाई माझ्या घरात पाहुणी होऊन बसली. खुर्चीच्या कडेवर बसायची. फ्रिज उघडायच्या आधी विचारायची, "दूध घेऊ का?" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तिला मार्चपर्यंत राहता आलं असतं, पण तिने हट्टाने जानेवारीचं तिकीट काढायला लावलं. परत जाऊन काय करणार होती? कुलूप काढून त्या रिकाम्या घरात बसणार होती. बाबा गेल्यापासून ती धड जेवत नव्हती, आणि तिकडे एकटी गेली तर उरलंसुरलंही सोडून देईल अशी भीती माझ्या मनात घर करून बसली होती. मी एकदा काकांजवळ हे सगळं बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि काही उपाय सांगितला नाही, जे त्यांच्या स्वभावात अजिबात बसत नव्हतं.

आईची आणि त्यांची पहिली भेट भांडणाने झाली होती. काकांनी पावसाचं पाणी साठवायला मागे एक पिंप ठेवलं होतं. एक दिवस ते कडाडले, "माझं पिंप कोणी पालथं केलं?" म्हणजे 'कोणी केलं' न विचारण्याचा नियम फक्त भट्टीपुरता होता.

आई दारात गेली. "मी केलं. अळ्या होत्या त्यात."

"इथे मलेरिया नाहीये, ताई."

"डास तर हायेत ना, भाऊ. अळी व्हिसा पाहून थोडीच वाढते?"

दुसऱ्या दिवशी त्या पिंपावर झाकण आलं. पण तेवढ्यावर आई पुन्हा खुर्चीच्या कडेवर जाऊन बसली.

जानेवारीत थंडीची लाट आली. अशी थंडी की बाहेर श्वास घेतला की नाकातले केस कडक व्हायचे. सोमवारी सकाळी उठलो तर घर गार पडलेलं. आईचं विमान त्याच आठवड्यात, शुक्रवारी होतं. मी तळघरात जाऊन ऐकलं. छोटा पंखा फिरत होता, फिरत राहत होता आणि मग बंद पडत होता. कांडी लाल होतच नव्हती. प्रोपेन कंपनीला फोन केला, त्यांचा माणूस बुधवारच्या आधी येणार नव्हता, कारण सगळ्या जिल्ह्याच्या फर्नेस एकदमच रुसल्या होत्या. नवऱ्याने दोन खोल्यांत विजेचे हीटर लावले. आई गोधडी पांघरून बसली होती.

"भट्टीला भेटायला आलोय!"

काकांनी आधी हुंगून गॅसचा वास नाही ना बघितलं, मग टाकीचा काटा. तो अर्ध्याच्या वर होता. मग लाटणं कानाला लावून त्यांनी डोळे मिटले. त्यांचा चेहरा खुलत गेला. "पंखा ठीक आहे. पण धापा टाकतोय. हवा बाहेर जात नाहीये, म्हणून दाबाचा स्विच नाही म्हणतोय. चला बाहेर!"

घराच्या मागच्या भिंतीतून, लायलॅकच्या झुडपाआड, भट्टीचे दोन पांढरे पाइप बाहेर आलेले आहेत, एक हवा आत घेणारा आणि एक बाहेर टाकणारा. बर्फ तुडवत आम्ही तिथे पोचलो. बाहेर टाकणाऱ्या पाइपाचं तोंड बर्फाने लिंपल्यासारखं बंद झालं होतं. काकांनी हातमोज्याने बर्फ फोडला तर आतून निघाली हिरव्या नायलॉनची मच्छरदाणीची जाळी. सुतळीने पाइपाला घट्ट बांधलेली.

मला क्षणात कळलं. वर्ध्याकडे संडासाच्या टाकीचा पाइप घराच्या मागच्या भिंतीला असतो, आणि त्याच्या तोंडाला जाळी बांधा, नाहीतर डास तिथूनच येतात, हे आईने उभ्या जन्मात हजारो घरांना सांगितलं होतं. ज्यांना जमत नसे त्यांची स्वतः बांधून दिली होती. इथे मागच्या भिंतीला पांढरा पाइप दिसला, डास दिसले, आणि सप्टेंबरातच तिने आपली बॅगेतली जाळी कापून काम उरकून टाकलं होतं. या घरात कोणाला न विचारता तिने केलेली ही एकच गोष्ट. साध्या थंडीत हवा जाळीतून निघून गेली. लाट आल्यावर भट्टीच्या वाफेचा तिच्यावर थरावर थर गोठत गेला.

मी जाळी खिशात कोंबणार होते. तेवढ्यात काकांनी ती माझ्या हातातून घेतली आणि मोठ्याने विचारलं, "ही कोणी बांधली?"

त्यांच्या तोंडून भट्टीच्या बाबतीत हा प्रश्न मी कधी ऐकला नव्हता. मी इतकी चिडले की त्यांना तिथेच बोलणार होते. पण मागून आई आली होती, माझं जाड जाकीट साडीवर चढवून. तिने जाळी बघितली आणि तिचा चेहरा पडला.

"मी बांधली. मले सेप्टिक टँकचा पाइप वाटला." मग एकदम तिचा आवाज फुटला. "कोणाले काही झालं असतं म्हणजे?"

मला वाटलं काका म्हणतील, छे छे, काही नाही हो. ते तसं म्हणाले नाहीत. "होऊ शकलं असतं, ताई. विषारी हवा घरात तुंबू शकते. म्हणून तर भट्टीने पेटायला नकार दिला. तिने तिचं काम केलं." मग त्यांनी ती सुतळी टॉर्चच्या उजेडात धरली. "पण मी विचारत होतो या गाठीबद्दल. सप्टेंबरपासून इथला वारा हिला हलवू शकलेला नाही. मी कंपनीत असताना अशी गाठ बांधणारं कोणी मिळालं नाही मला. कशी बांधलीत?"

"ओल्या सुतळीने बांधावी लागते," ती हळूच म्हणाली. "वाळली की आवळते."

"ओल्या सुतळीने!" काकांनी कपाळावर हात मारून घेतला.

भट्टी पेटली. तळघरातून गरम हवेचा पहिला झोत आला तेव्हा आई जिन्यावर बसली होती आणि पुटपुटत होती, "मी काहीच कराले नको होतं या घरात." मी तिच्याजवळ बसले. मला बोलायचं होतं, पण जे काही सुचत होतं ते सगळं लहान मुलाची समजूत काढल्यासारखं होतं. तेवढ्यात काका तळघरातून वर आले, कानटोपी खाली ओढत.

"ताई, तुमच्या गावात किती लोकांना तो पाइप कुठे असतो ते माहीत होतं?"

"कोणालेच नाही. दाखवा लागे घरोघरी जाऊन."

"इथेही तेच आहे. या रस्त्यावर सगळ्यांच्या भिंतीला हे पाइप आहेत, आणि इतका बर्फ पडलाय की बरेच बुजले असतील. कोणी बाहेर येऊन बघत नाही. मी एकटा दार वाजवतो तेव्हा लोकांना वाटतं हा म्हातारा काहीतरी विकायला आलाय. तुम्ही सोबत असाल तर दार उघडतील. येता?"

आईने माझ्याकडे बघितलं नाही, विचारलं नाही. उठली, माझे बर्फातले बूट पायात चढवले आणि बाहेर पडली.

मी खिडकीतून बघत होते. कानटोपीतला एक माणूस आणि नऊवारीइतक्या घोळाच्या जाकिटातली एक बाई रस्त्याने चालली होती. पहिल्या घरी काका दार वाजवून बाजूला सरकले आणि आई पुढे झाली. दार उघडलं. काका इंग्रजीत लांबलचक समजावायला लागले असावेत, कारण आईने त्यांना हाताने थांबवलं आणि त्या घरातल्या माणसाला बोटाने खुणावत सरळ घराच्या मागे घेऊन गेली. तीस वर्षं ती अशीच चालायची, कोणाच्या अंगणात आहोत याची पर्वा न करता. बाबा गेल्यापासून मी तिला तशी चालताना पाहिलं नव्हतं. मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं.

अंधार पडता पडता दोघं परत आली. आईचं नाक लालबुंद, बूट ओले, आणि तोंड चालूच. "त्या वळणावरच्या बाईचा पाइप पार बुजला होता. एकटी राहते बिचारी. समजतच नव्हतं तिले, मग मीच फावडं घेतलं. पण वारा तिकडूनच येते, पुन्हा बुजन तो."

काका दारातच उभे होते. "म्हणून दुसरी फेरी लागणार. शनिवारी सकाळी जाऊ, ताई," ते म्हणाले आणि चहा न पिताच निघाले. शुक्रवारचं विमान त्यांना माहीत होतं, मीच सांगितलेलं. मी त्यांच्याकडे रोखून पाहिलं, तर ते पायऱ्यांवरचा बर्फ बघण्यात अगदी गर्क होते.

दार लावून मी म्हटलं, "आई, शनिवारी कसं जमेल? शुक्रवारी तू निघतेयस."

आईने मोजे काढता काढता माझ्याकडे असं बघितलं जसं ती पूर्वी लस बुडवणाऱ्या बाप्यांकडे बघायची. "आणि दुसऱ्या फेरीले कोण जाईन? तू?"

मी विमान कंपनीला फोन लावला. बराच वेळ संगीत ऐकल्यावर एक बाई आली आणि तिने तारीख बदलण्याचं कारण विचारलं. मी म्हटलं, आईला इथे काम आहे.